पहाटेचा राग, दुपारी

थामी हट्टी होता. माणूस मातीआड जाऊन वर्षही झालं नाही आणि मी सुरुवात अशी करतोय, हे त्याच्या बायकोला, रह्मावहिनीला आवडणार नाही. पण तिनेच त्याला आयुष्यभर याच शब्दाने हाक मारली, तेव्हा मला बोल लावायला तिला तोंड नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने थामीने घडवलेली लाकडी पेटी उलटी धरून तळ ठोकून पाहिला. थामीने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि कितीही विनवण्या केल्या तरी विकली नाही. असा माणूस.

आमच्या समुद्रकाठच्या सुइरा गावात वारा कधी थांबत नाही, आणि माणसाच्या नावाआधी त्याचा धंदा विचारतात. थामी सुतार. थुया झाडाच्या मुळाचं लाकूड तासून पेट्या करायचा आणि झाकणावर लिंबाच्या लाकडाची बारीक नक्षी बसवायचा. मी बिही, भट्टीवाला. यहुदी मोहल्ल्याच्या वेशीशी माझी भट्टी. सकाळी सगळ्या घरांतून कणकेचे गोळे यायचे आणि दुपारी भाजलेल्या रोट्या जायच्या. आणि तिसरा मखलूफ. तो यहुदी, चांदीकाम करणारा. लग्नाकार्यात आम्ही तिघं मिळून वाजवायचो. थामी रबाब वाजवायचा आणि गायचा, मखलूफ नुसता गायचा, मी डफ धरायचो. माझ्या गळ्याबद्दल त्या दोघांचं कधी दुमत झालं नाही.

"बिही," मखलूफ म्हणायचा, "देवाने जे तुझ्या हातात घातलं ना, ते गळ्यातून काढून घातलं. तू आपला ठोक."

आमचं गाणं अंदालुसचं. समुद्रापलीकडच्या त्या मुलखात कधीकाळी थामीचे आणि मखलूफचे पूर्वज शेजारी राहायचे, एकच सूर आळवायचे, आणि पुढे दोघांनाही तिथून हाकलून दिलं. येताना दोघांच्या बोचक्यात तेच सूर निघाले. माझे पूर्वज त्या काळात डोंगरात शेळ्यांमागे धावत होते, त्यामुळे या विषयात माझं मत कुणी विचारत नसे.

या गाण्यांत एक प्रकार आहे, त्याला आम्ही भरतकामाचं गाणं म्हणतो. एक ओळ हिब्रू, पुढची अरबी, पुन्हा हिब्रू, पुन्हा अरबी. दोन रंगांचे धागे एकाच कापडात. अरबी ओळी थामीच्या, हिब्रू मखलूफच्या. दुसऱ्याच्या ओळीला तोंड लावायचं नाही, हा दंडक. दोघांपैकी एक मेला किंवा गाव सोडून गेला, तर त्याची ओळ कुणी म्हणायची नाही. तिथे नुसता रबाब वाजतो आणि डफ चालू राहतो. याला जागा सोडणं म्हणतात. गेलेल्याच्या घरातला कुणी पुढे आला तरच ती जागा भरते.

दुसरा दंडक वेळेचा. प्रत्येक रागाला त्याची घटका आहे. भरतकामाचं ते गाणं उश्शाक रागातलं, म्हणजे पहाटेचं. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाने दुपारच्या जेवणानंतर तेच गाणं मागितलं. थामीने रबाब गवसणीत घातला, समोरच्या ताटातले बदाम खाल्ले आणि घरी गेला. मला पायांत वहाणा सरकवून मागे पळावं लागलं.

हिवाळ्यात दर शनिवारी यहुदी मंडळी पहाटेआधीच उठून आपल्या प्रार्थनाघरात गायला बसत. शनिवारी ते वाद्याला हात लावत नाहीत, नुसता गळा. ते प्रार्थनाघर माझ्या भट्टीच्या समोर, आणि त्याच्या खिडकीखाली गल्लीत थामी उभा. अंगावर जाड लोकरी जलाबा, त्याचंच टोपडं डोक्यावर ओढलेलं. कान वर लावून ऐकायचा. मखलूफ भरतकामाच्या गाण्यापर्यंत आला की त्याची पहिली ओळ व्हायची, आणि मग आतली सगळी माणसं गप्प बसायची. त्या शांततेत खालून गल्लीतून थामीची अरबी ओळ वर जायची. मग पुन्हा वरून मखलूफ. मी भट्टीच्या दारात लाकडं रचता रचता हात थांबवायचो. इतकं चांगलं गाणं मी कुठल्याही लग्नात ऐकलं नाही, आणि लग्नं मी पुष्कळ पाहिलीत.

तिथला राखणदार म्हातारा कधी खिडकीतून डोकं काढायचा. "अरे, आत ये की! छाती भरेल तुझी."

"आत आलो तर वाऱ्याला कोण अडवेल?" थामी खालून म्हणायचा.

मग ती वर्षं आली. यहुदी माणसं त्यांच्या नव्या देशाला निघाली, घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. कुणी गाजावाजा करत नसे. मला मात्र आधी कळायचं, कारण शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक यहुदी घरातून शनिवारच्या जेवणाचं मडकं माझ्या भट्टीत यायचं: गहू, हरभरे, मांस, अंडी, आणि झाकण कणकेने लिंपलेलं. रात्रभर निखाऱ्यांवर शिजायचं. मडकं आलं नाही की समजायचं, ते घर गेलं. आधी भट्टीत मडकी ठेवायला जागा पुरत नसे. पुढे मी त्या रिकाम्या बाजूला लाकडं रचायला लागलो. मखलूफच्या मडक्याच्या कानाला हिरवी चिंधी बांधलेली असायची. ते घेऊन त्याची धाकटी मुलगी फ्रेहा यायची आणि दर वेळी मला दम द्यायची, "बिहीकाका, मागच्या वेळी तळाला लागलं होतं हं."

मी मखलूफला एकदा सरळ विचारलं, "तू पण जाणार का रे?"

"मी? मग इथल्या समुद्रपक्ष्यांना शिव्या कोण घालेल?" तो म्हणाला.

यहुद्यांचा झोपड्यांचा सण संपला होता आणि येणाऱ्या शनिवारी हिवाळ्यातली गाण्याची पहिली पहाट होणार होती. त्या आठवड्यात बुधवारी दुपारी मी थामीच्या दुकानात रोटी द्यायला गेलो होतो. थोड्या वेळाने मखलूफ आला. कामाचं चामडं कमरेला नव्हतं. सणाला घालायचा कोट अंगात होता. फळीवर बसला आणि म्हणाला, "थामी, रबाब काढ."

"आत्ता? सरस लावलाय, सांधे बसवतोय."

"सरस वाळेल. आपलं भरतकामाचं म्हणू."

थामीने पटाशीने दाराबाहेर दाखवलं. "ते काय आहे?"

"ऊन आहे."

"मग? दुपारी पहाटेचा राग? अंजिराची चढवून आलायस की काय?"

"एकदाच रे. हळू आवाजात. कुणाला कळतंय?"

"रागाला कळेल."

"म्हणून टाका की," मी म्हणालो. "माझ्याकडे अर्धी घटका आहे, मी या फळीवर ठेका धरतो."

"तू ठोकण्यापुरता बोल," थामी म्हणाला.

मखलूफ हसला नाही. त्याने फळीवरचा चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. "आणि समज, शनिवारी मला उठवलंच नाही तर?"

"मी येऊन दार फोडेन. वर खिडकी उघडी ठेव, मी खाली आहेच. एवढा काय उतावळा झालायस? शनिवार काय पळून जातोय?"

मखलूफने भिंतीवरच्या रबाबाच्या पोटावरून एकदा हात फिरवला. दारात जाऊन वळला. "हट्टी आहेस," म्हणाला.

"आणि तू पोरकट," थामी म्हणाला, आणि पुन्हा सांध्यांकडे वळला.

दोघांचं एकमेकांशी बोलणं झालं ते एवढंच, शेवटचं.

शुक्रवारी हिरव्या चिंधीचं मडकं आलं नाही. मी भट्टीचं तोंड लिंपायचं थांबवून ठेवलं, निखारे वाया जात होते तरी. मग मखलूफच्या घरापर्यंत जाऊन आलो आणि तिथून तसाच थामीकडे.

"मखलूफचं मडकं नाही आलं."

"बायकोला बरं नसेल."

"बाहेरून कुलूप आहे."

"सासुरवाडीला गेले असतील."

"थामी, काल पहाटे कॅसाब्लांकाच्या बंदराला बस निघाली, त्यात यहुद्यांची बरीच घरं—"

"बिही, उद्या पहिली पहाट आहे!" तो माझ्यावर खेकसला. "गाणारा माणूस पहिली पहाट टाकून जातो का? तुला गाण्यातलं काय कळतं? तू रोट्या भाज."

रह्मावहिनी आतून माझ्याकडे पाहत होती. तिला कळलं होतं. मला कळलं होतं. त्या एका माणसाला कळून घ्यायचं नव्हतं.

शनिवारी पहाटे तो खिडकीखाली येऊन उभा राहिला. खिडकी बंद होती, आत दिवा नव्हता. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि त्या आठवड्यानंतर मोहल्ल्यात ते जमेनात. राखणदारसुद्धा मुलाकडे निघून गेला होता. थामी उभाच. वारा इतका होता की त्याचा जलाबा अंगाला चिकटत होता. मग त्याने घसा साफ केला, मखलूफच्या पहिल्या ओळीला लागतो तेवढा वेळ थांबला आणि आपली अरबी ओळ म्हटली. पुन्हा तेवढाच थांबला. मग आपली दुसरी ओळ. पुन्हा थांबला, मान वर करून. गाणं शेवटपर्यंत नेलं त्याने, असं अर्धं अर्धं. मी भट्टीच्या दारात कणकेच्या हातांनी उभा होतो आणि रडत होतो, लाजबीज काही वाटली नाही.

मी जाऊन त्याच्या खांद्याला धरलं. जलाब्याला कणीक लागली. "चल," म्हटलं.

तो म्हणाला, "दुपारीच म्हणायला हवं होतं, बिही."

पुढची सगळी वर्षं थामीने ती जागा सोडली. लग्नात भरतकामाचं गाणं आलं की आपली ओळ म्हणायचा, आणि मखलूफच्या ओळीला नुसता रबाब. लोकांना वाटायचं म्हातारा विसरला. नव्या पोरांच्या ताफ्यातला एक म्हणाला, "थामीकाका, ती हिब्रू घोकून द्या मला, मी म्हणतो." दुसरा म्हणाला, तिथे अरबीच ओळ घाला, सगळ्यांना समजेल. थामी दोघांशी पुन्हा बोलला नाही. बोलावणी कमी होत गेली. अर्धं गाणं ऐकायला कोण बोलावणार? त्याच्यासोबत माझाही डफ खुंटीला लागला. मी चिडलो होतो त्याच्यावर, खोटं कशाला बोलू.

रह्मावहिनी तर भांडीच आपटायची. "त्या मखलूफने तुम्हाला कधीच तलाक दिलाय, आणि तुम्ही अजून इद्दत पाळत बसलाय!"

"जागा भरली तर तो आल्यावर बसेल कुठे?" थामी म्हणायचा.

मी एकदा त्याला विचारलं होतं, तुला तरी येतात का रे मखलूफच्या ओळी? इतकी वर्षं खिडकीखाली उभा राहिलास. तो म्हणाला, "माझ्या ओळी मला येतात. त्याच्या त्याला." आणि विषय संपवला.

मग कितीतरी वर्षांनी इथून गेलेले यहुदी परत यायला लागले. राहायला नाही, उरुसाला. गावच्या यहुदी कबरस्तानात त्यांच्या एका संताची कबर आहे, तिथे दर वर्षी मेणबत्त्या लावायला बसने यायचे. थामी त्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन दाढी नीट करायचा, पांढरा जलाबा घालायचा आणि कबरस्तानाच्या दाराशी उभा राहायचा. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचं तोंड न्याहाळायचा. लोक त्याला भिकारी समजून हातात नाणं ठेवायचे. तो ते खऱ्या भिकाऱ्याला देऊन पुन्हा जागेवर यायचा.

"यंदा नाही आला," संध्याकाळी माझ्याकडे येऊन सांगायचा. "गुडघे दुखत असतील. पुढच्या वर्षी येईल."

एका वर्षी उरुसाच्या दिवशी दुपारी माझ्या भट्टीच्या दारात एक बाई उभी राहिली. केस पिकायला लागलेले, गळ्यात चष्मा लटकलेला. म्हणाली, "बिहीकाका, मागच्या वेळी तळाला लागलं होतं हं."

मी तिचा हात धरून तसाच थामीच्या दुकानात घेऊन गेलो. थामीने तिच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि तिच्या मागे दाराकडे पाहिलं. "मागून येतोय का तो?"

"काका," फ्रेहा म्हणाली, "बाबा गेले. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात."

थामीने स्टूल पुढे सरकवलं, तिला बसायला. स्वतः उभा राहिला. "पहाटे गायचा का तिथे?"

"कधीच नाही. बाटल्यांच्या कारखान्यात होते, पहाटेची पाळी. दुपारी घरी यायचे, जेवायचे, आणि स्वयंपाकघरात बसून एकच गाणं म्हणायचे. त्यातल्या अरबी ओळीच फक्त. मध्ये गप्प बसायचे, टेबलावर बोटं वाजवत. आई चिडायची, दुपारी कसलं पहाटेचं गाणं म्हणून. मी विचारायचे, बाबा, तुमच्या ओळी का नाही म्हणत? तर म्हणायचे, गेला त्याची जागा सोडायची असते. गेलोय तर मी."

थामी रंधा हातात घेऊन उभा होता. त्याने तो लाकडावर ठेवला, पण ढकलला नाही.

"आणि सांगून का नाही गेला?" मीच विचारलं. कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

"कुणाला सांगायचं नाही, असं बजावलं होतं सगळ्यांना. तरी आदल्या दिवशी बाबा घरातून निघाले, थामीला भेटून येतो म्हणून." फ्रेहा हसली. घरात शंभरदा बोललं गेलेलं ते वाक्य होतं, तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "बाबा नेहमी म्हणायचे, त्या हट्ट्याने त्या दिवशी रबाब काढला असता ना, तर मी बसमध्ये चढलोच नसतो."

मला त्या पोरीचं तोंड दाबावंसं वाटलं. तिचा काय दोष? ती बापाची गंमत सांगत होती. थामीने मान हलवली, जणू भाव पटला. मग ती म्हणाली, एकदा ऐकवाल का, बाबांसाठी? त्याने भिंतीवरचा रबाब काढला, मांडीवर घेतला, गज तारेवर ठेवला. मग तो परत उचलून घेतला. "हात चालत नाही गं आज," तो म्हणाला. जाताना त्याने तिला नक्षीची एक पेटी दिली. त्या दिवसानंतर तो कबरस्तानाच्या दाराशी कधी गेला नाही.

भिंतीवर परत टांगलेला रबाब त्याने पुन्हा काढला नाही. लग्नं संपली, दुकान मुलाने चालवायला घेतलं. लाकडाचा भुसा आणि पहाटेचा वारा, दोन्ही छातीत साठलं होतं; गेल्या हिवाळ्यात त्याने अंथरूण धरलं. मी रोज दुपारी भट्टी निवली की त्याच्याकडे जाऊन बसायचो. तो बोलायचा कमी, मी जास्त, म्हणजे नेहमीसारखंच.

एका दुपारी रह्मावहिनी खाली सूप गरम करायला गेली होती. खिडकीतून ऊन थेट पांघरुणावर पडलं होतं. थामी डोळे मिटून होता. म्हणाला, "बिही, ठेका धर."

"कशाचा?"

"भरतकामाचं."

"थामी, दुपार आहे."

"दिसतंय मला. आंधळा नाही झालो."

मी पलंगाच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला. थामीने तोंड उघडलं आणि मखलूफची ओळ म्हटली. हिब्रू. मखलूफ जिथे श्वास घ्यायचा तिथेच श्वास, जिथे शेवटचा सूर थोडा खेचायचा तिथेच खेचलेला. सगळं होतं त्याच्याजवळ. खिडकीखाली उभं राहून घेतलेलं सगळं इतकी वर्षं त्याने जिभेवर येऊ दिलं नव्हतं. ते म्हणायचं म्हणजे मखलूफ येणार नाही असं कबूल करायचं, आणि आता त्याने कबूल केलं होतं.

मग त्याची स्वतःची ओळ आली, आणि तो थांबला. मला वाटलं दम लागला. मला ते सहन होईना. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या त्या फुटक्या गळ्याने अरबी ओळ उचलली. त्याने डोळे न उघडता हात वर केला.

"जागा सोड," तो म्हणाला.

मी ओळ सोडली. बोटं चालू ठेवली. ओळीएवढा वेळ गेला, आणि त्याने मखलूफची पुढची ओळ म्हटली. असंच शेवटपर्यंत. रह्मावहिनी सुपाचं भांडं घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली, भांडं खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

गाणं संपल्यावर तो दम जमवत उशीला टेकला. मग विचारलं, "कुठे चुकलं का रे?"

"नाही," मी म्हणालो. "कुठेच नाही."

"दुपार होती तरी?"

"दुपार होती तरी."

त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "मग त्या दिवशी काय बिघडलं असतं?"